डाव्या पायाला एकट्याला कधी सोडलंच नाही

नाशिकच्या इंदिरानगर भागातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय 43. आई ओझरला एकटी असते. तिला महिन्यातून दोन-तीनदा दवाखान्यात न्यावं लागतं आणि दर वेळी मिस्टरांची सुट्टी नाहीतर मुलाचं कॉलेज आडवं येतं. म्हणून ताईंनी ड्रायव्हिंग स्कूल लावलं, 21 दिवस पूर्ण केले, सरही "छान चालवता" म्हणाले. पण टेस्टला चढावर गाडी थांबवून पुन्हा निघताना ती हातभर मागे आली, मग लागोपाठ तीनदा बंद पडली आणि त्या नापास झाल्या. आता मिस्टर शेजारी बसून शिकवतात, पण दहा मिनिटांत त्यांचा आवाज चढतो. मुलगा म्हणतो, ऑटोमॅटिक घेऊ, विषय संपला. स्कूलवाले म्हणतात, "थोडे जास्त द्या, पुढच्या वेळी तुम्हाला काही करावंच लागणार नाही." कच्च्या लायसन्सची मुदत संपायला सात आठवडे उरलेत. त्या विचारतात, "या वयात हे हातापायात बसत नाही असं समजून सोडून देऊ, ऑटोमॅटिक घेऊ, की स्कूलवाल्यांचं ऐकू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. "मला जमत नाही" असं तुम्ही चार ठिकाणी लिहिलंय, पण नेमकं काय जमलं नाही ते एकाच ठिकाणी: चढावर थांबून पुन्हा निघणं. वळणं, गिअर, इंडिकेटर याबद्दल टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी काही म्हटल्याचं पत्रात नाही. म्हणजे अडली ती एक हालचाल. आधी तिच्याकडेच नीट बघू. तुमच्या तिन्ही पर्यायांचा निकाल बराचसा तिथेच लागतो.

चढावर गाडी मागे का येते? ब्रेकवरचा उजवा पाय उचलून रेसवर न्यायला क्षणभर लागतो. तेवढ्यात गाडीला धरून ठेवणाऱ्या दोनच गोष्टी असतात, ओढलेला हँडब्रेक किंवा अर्धवट पकडलेला क्लच. दोन्ही नसले की गाडी उताराच्या ताब्यात जाते. ती मागे सरकली की माणूस घाबरून क्लच एकदम सोडतो. पुरेशी रेस दिलेली नसते, इंजिनावर सगळा भार एकाच वेळी येतो आणि गाडी बंद पडते. पुन्हा सुरू केली की तीच चूक आणखी घाईने होते. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तुमचंही हेच झालं असणार. विशीतली मुलंही अगदी इथेच अडकतात, तेव्हा यात वयाला ओढू नका.

मग 21 दिवसांत हे कुणाच्या लक्षात का आलं नाही? स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात आणि ते तुमच्या पेडलांना जोडलेले असतात. त्यांनी दाबला की तुमच्या पायाखालचाही दबतो. जरा आठवून बघा: मुंबई नाक्याला गर्दीत शिरताना तुम्ही दाबायच्या आधीच ब्रेक खाली गेलाय, गाडी आता बंद पडणार असं वाटत असतानाच क्लच आपोआप दबला गेलाय, असं किती वेळा झालं? त्या प्रत्येक वेळी तुमच्या पायाचं काम सरांच्या पायाने केलं. यात त्यांचा हेतू वाईट नसतो. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो, पुढच्या विद्यार्थ्याची वेळ झालेली असते, भर चौकात गाडी बंद पडू देणं त्यांना परवडत नाही. पण त्याचा परिणाम असा की तुमचे हात शिकले, डोळे शिकले, डाव्या पायाला मात्र एकट्याला कधी सोडलंच नाही. टेस्टच्या चढावर तो पहिल्यांदा एकटा पडला.

तासांचाही हिशोब मांडू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत खाजगी गाडीसाठी किमान 21 दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास सांगितलेत. रोज अर्धा तास धरला तर ते साडेदहा तास होतात, पण त्यात आधीच्या विद्यार्थ्याला घरी सोडायला आणि पुढच्याला घ्यायला गेलेला वेळ वजा करा. 2021 मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी जे नियम आले, त्यात याच हलक्या गाडीचा कोर्स 29 तासांचा आहे आणि त्यातले 21 तास प्रत्यक्ष चालवण्याचे. तुमचे जेमतेम आठ-दहा झालेत. अर्ध्या वाटेवर परीक्षा दिलीत आणि एका प्रश्नाला अडलात, एवढंच घडलंय.

तेव्हा स्कूलला जास्त पैसे द्यायचेच असतील तर ते पाच-सहा जादा तासांसाठी द्या. पहिल्याच दिवशी सांगा, "सर, तुमचे पाय सीटकडे मागे घ्या. धोका असेल तरच ब्रेक दाबा, आणि दाबलात की मला सांगा." क्लचला हात... म्हणजे पाय लावायचाच नाही, हेही सांगा. ऐकणारे सर असतील तर तेच ठेवा, नाहीतर स्कूल बदला. मागची सीट रिकामी हवी आणि रस्ता सकाळी लवकरचा, मोकळा.

पहिला तास सपाट जागेवर फक्त क्लचचा. आधी बसणं नीट करा. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताणला जात असेल तर सीट पुढे घ्या, बोनेट दिसत नसेल तर खाली पातळ, घट्ट उशी घ्या. टाच जमिनीला टेकवून क्लच सोडायची सवय करा, पाय अधांतरी असला की तो थरथरतो आणि क्लच झटक्याने सुटतो. उंच टाचेची किंवा मागून मोकळी चप्पल नको, पातळ तळव्याचा बूट बरा. ओढणी सीटबेल्टच्या आत, मांडीवर गोळा करून.

आता पहिला गिअर टाका आणि रेसला पाय न लावता क्लच अगदी मुंगीच्या चालीने वर सोडा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, स्टेअरिंगमध्ये बारीक कंप जाणवतो, बोनेट किंचित उचललं जातं. क्लच पकडतो ती जागा ही. पाय तिथेच गोठवा. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने पुढे सरकेल किंवा सरकायच्या बेतात थांबेल. तीनपर्यंत मोजा, क्लच दाबा, ब्रेक लावा. असं तीसेक वेळा करा, मध्येमध्ये पायाला विश्रांती द्या. बंद पडली तर पडू दे, किती उंचीवर पडते तेच तर कळायला हवंय. शेवटच्या पाच वेळा डोळे आरशात ठेवून फक्त आवाजावर ती जागा शोधा. टेस्टला पायाकडे बघायला सवड नसते.

सपाटीवर हे बसलं की मग चढ. जुनं नाशिक नऊ टेकड्यांवर वसलं असं म्हणतात आणि रविवार कारंजाकडून नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्या पाहिल्या की ते पटतं. पण शिकायला त्या गल्ल्या नकोत, फार अरुंद आणि गजबजलेल्या आहेत. बिल्डिंगच्या पार्किंगचा रॅम्पही सुरुवातीला नको, फार उभा असतो. मागे किमान दोन गाड्यांची जागा मोकळी राहील असा साधा चढ सरांना शोधायला सांगा.

चढावर ब्रेकने थांबा आणि हँडब्रेक पूर्ण ओढा. मग ब्रेक थोडा सैल करून गाडी खरोखर थांबून राहते का ते बघा. स्कूलच्या गाड्यांचे हँडब्रेक पुष्कळदा ढिले झालेले असतात आणि तुमची चूक नसताना गाडी मागे येते. पहिला गिअर टाका. हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून तयार ठेवा, पण दांडा सोडू नका. आता रेस द्या, सपाटीवर देता त्यापेक्षा जास्त, इंजिन एकसारखं गुणगुणत राहील इतकी. क्लच वर सोडत त्या जागेपर्यंत या. आवाज जड झाला आणि बोनेट उचललं गेलं की दोन्ही पाय आहेत तिथेच स्थिर ठेवून हँडब्रेक खाली सोडा. गाडी एक तर तशीच थांबून राहील किंवा पुढे निघेल. मागे येणार नाही. पुढे निघाल्यावरही क्लच लगेच सोडायचा नाही, एक-दोन सेकंद धरून मग हळूच सोडायचा. बहुतेकांची गाडी बंद पडते ती हँडब्रेक सोडताना नव्हे, त्याच्या पुढच्या क्षणाला. "निघाली एकदाची" या आनंदात डावा पाय सुटतो.

दांडा खाली सोडल्यावर गाडी मागे सरकलीच तर तुम्ही त्या जागेच्या अलीकडेच थांबला होतात. अशा वेळी क्लच आणखी सोडून सावरायला जाऊ नका. दोन्ही पाय खाली, क्लच आणि ब्रेक एकदम, मग हँडब्रेक, आणि पहिल्यापासून सुरुवात. ही "पहिल्यापासून"ची सवय तुम्हाला टेस्टला वाचवेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 15 मध्ये टेस्टला काय काय बघायचं त्याची लांब यादी आहे आणि तिथे चढाबद्दल स्पष्ट लिहिलंय की हँडब्रेक किंवा रेस आणि पायाचा ब्रेक नीट वापरून, गाडी मागे न येऊ देता निघता आलं पाहिजे. हँडब्रेक वापरणं कमीपणाचं, नवशिक्याचं लक्षण, असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका.

त्याच यादीत रिव्हर्सही आहे. मर्यादित जागेत उजवीकडे किंवा डावीकडे गाडी मागे घेता आली पाहिजे. तिथेही राज्य क्लचचंच. सपाटीवर रेस जवळजवळ लागत नाही, त्या जागेवर क्लच धरून गाडी सरकवायची आणि ती सरकत असतानाच स्टेअरिंग फिरवायचं. मागचा भाग ज्या बाजूला न्यायचाय त्याच बाजूला स्टेअरिंग, आणि पुढचं नाक उलट्या बाजूला बाहेर जातं हे लक्षात ठेवायचं. बहुतेक खांब त्या नाकानेच पडतात.

घरच्या गाडीबद्दल. स्कूलच्या जुन्या गाडीचा क्लच झिजलेला असल्याने उंच पकडतो, घरच्या गाडीचा खाली पकडत असेल. म्हणून एका गाडीवर जमणारं दुसरीवर जमत नाही आणि आपण स्वतःला दोष देतो. डिझेल गाडी नुसत्या क्लचवर सरकते, लहान पेट्रोल इंजिनाला थोडी रेस लागते आणि सीएनजीवर असेल तर चढावर आणखी थोडी. शक्य असेल तर टेस्टच्या दिवशी सीएनजीचं बटण पेट्रोलवर घ्या. काही नव्या गाड्यांत ब्रेक सोडल्यावर चढावर दोनेक सेकंद गाडी धरून ठेवणारी सोय असते. घरच्या गाडीला ती असेल आणि स्कूलच्या गाडीला नसेल तर फसगत होते. म्हणून टेस्ट ज्या गाडीवर द्यायची, शेवटचे तीन-चार दिवस सराव त्याच गाडीवर करा.

आता मिस्टर. त्यांचा आवाज चढतो तो बहुधा भीतीने. स्कूलच्या सरांच्या पायाशी ब्रेक असतो, यांच्याकडे काहीच नसतं. त्यांना एक काम द्या, हात हँडब्रेकजवळ ठेवायचा. कुठे वळायचं ते आधी, गाडी उभी असताना ठरवायचं. चालू गाडीत "थांब" आणि "सावकाश" या दोनच शब्दांना परवानगी, बाकी सगळं गाडी कडेला लावल्यावर. वीस मिनिटांच्या वर जाऊ नका. क्लच मात्र त्यांच्याकडून शिकू नका. ज्याला वीस वर्षं गाडी येते त्याला आपला पाय काय करतो हे सांगता येत नाही, मग तो "अगं हळू सोड ना" एवढंच म्हणत राहतो.

घरच्या गाडीला पुढे-मागे "एल"ची पाटी लावा. पांढऱ्यावर लाल अक्षर, पाटी किमान 18 सेंटीमीटर चौरस, अक्षर किमान 10 सेंटीमीटर उंच. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच. हा नुसता दंडाचा मुद्दा नाही. विम्याच्या कागदात कच्च्या लायसन्सवाल्याला गाडी चालवायची मुभा असते, पण या अटी पाळल्या तरच. एकट्याने कोपऱ्यावरून दूध आणायला गेलात आणि काही झालं, तर भरपाईचं घोंगडं तुमच्या गळ्यात पडू शकतं.

मुलाचा सल्ला वाईट नाही. आपल्याकडे ऑटोमॅटिकचं वेगळं लायसन्स नसतं, हलक्या मोटार वाहनाचं एकच असतं आणि त्यावर दोन्ही चालवता येतात. गुडघा दुखत असेल किंवा रोज द्वारका चौकातून जायचं असेल तर ऑटोमॅटिक जरूर घ्या. पण चढाचा प्रश्न मिटवायला घेत असाल तर थांबा. स्वस्त ऑटोमॅटिकमध्ये बऱ्याचदा आतला क्लच तोच असतो, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं. अशी गाडी, चढावर धरून ठेवणारी सोय नसेल तर, ब्रेक सोडल्यावर मागे येते आणि तिलाही हँडब्रेक लागतो. शिवाय क्लचची सवय झालेला डावा पाय घाईत ब्रेकवर पडतो आणि गाडी जागच्या जागी आदळल्यासारखी थांबते. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय बाजूला ठेवून द्यायचा आणि दोन्ही पेडलं उजव्याच पायाने वापरायची. आधी आहे त्या गाडीवर पास व्हा, नवीन गाडी मग निवांत बघा, असं माझं मत आहे.

स्कूलवाल्यांनी जे सुचवलं त्याला लाच म्हणतात, आणि तुम्हाला ती मुळीच नको. लायसन्स हातात येईल पण डावा पाय तिथेच राहील. एखाद्या चढावर तुमच्या मागे स्कूटरवर पुढे पोराला उभं करून कुणी थांबलं असेल आणि गाडी तशीच हातभर मागे येईल. आईला घेऊन जाताना हे तुम्हाला नको आहे, हे तुमच्या पत्रावरूनच कळतं. त्यांना शांतपणे सांगा, "पैसे तासांचे देते, टेस्ट मी देते."

तारखा सोप्या आहेत. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं. नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तिसऱ्यांदाही नापास झालं तर मात्र 60 दिवस थांबावं लागतं आणि उजळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. तुमची एकच झालीय. आजपासून साधारण तीन आठवड्यांनंतरची तारीख सारथी पोर्टलवर घ्या, म्हणजे सराव होईल आणि गरज पडलीच तर मुदतीत आणखी एक संधी उरेल. मुदत उलटली तर नवं कच्चं लायसन्स काढून पुन्हा 30 दिवस थांबावं लागतं, ते टाळा. फेरटेस्टची सरकारी फी एका प्रकारच्या वाहनाला 300 रुपये. चाळिशी ओलांडल्यामुळे तुम्ही डॉक्टरांचं प्रमाणपत्र, नमुना 1-अ, दिलेलंच असेल. त्यात एक गोष्ट विचारलेली असते ती घरीच तपासा: 25 मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट उजेडात स्वच्छ वाचता येते का? येत नसेल तर आधी चष्मा.

पेठ रोडला आरटीओत जाल त्या दिवशी गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी मुदतीतलं आहे ना, ते आदल्या रात्री बघून ठेवा. पीयूसी संपलंय म्हणून परत येणारे खूप असतात. गाडीत बसल्यावर सीट, तिन्ही आरसे, बेल्ट, न्यूट्रल, मग चावी. निघताना इंडिकेटर आणि उजव्या खांद्यावरून एक नजर. गाडी बंद पडलीच तर ब्रेक, हँडब्रेक, क्लच, चावी, याच क्रमाने, एक श्वास घेऊन. मागच्या हॉर्नला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

पास झालात तरी एकदम ओझर नको. पहिल्या आठवड्यात आडगावपर्यंत जाऊन परत या, दुसऱ्या आठवड्यात दहाव्या मैलापर्यंत, शेजारी मिस्टर. सकाळी लवकर, उजेडात. हायवेला तुमची खरी परीक्षा वेगाच्या अंदाजाची आहे. पिंपळगावच्या बाजाराला निघालेला कांद्याचा ट्रॅक्टर लांबून चालता दिसतो आणि जवळ गेल्यावर जवळजवळ उभा असल्यासारखा असतो, अंधारात तर मागे दिवाही नसतो. त्याच्या मागे लागण्याआधीच आरसा बघा, इंडिकेटर द्या, लेन बदला. तोंडाशी जाऊन ब्रेक मारून नाही.

आणि आईला पहिल्यांदा दवाखान्यात न्याल तेव्हा वेळेच्या अर्धा तास आधी निघा. तिथे गाडी उतारावर लावायची वेळ आली तर हँडब्रेक ओढा, तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स आणि चढाकडे असेल तर पहिला गिअर टाकून ठेवा, तोंड उताराकडे असताना पुढची चाकं फुटपाथकडे वळवा, आणि आईला उतरवायच्या आधी ब्रेकवरचा पाय हळूच उचलून गाडी जागची हलत नाही ना, ते बघा.